वाटाघाटींतला तिसरा पक्ष

युरोपीय संघात शिरू पाहणाऱ्या देशाला घासाघीस करायला फारच थोडी जागा असते. संघाचे कायदे, न्यायालयाचे निवाडे आणि नियमावल्या मिळून जो डोंगर गेल्या काही दशकांत उभा राहिला आहे, तो आहे तसा उचलावा लागतो. काही विषयांत मुदत वाढवून मिळते, एखाद्या नियमातून थोड्या वर्षांची सूट मिळते. त्यापलीकडे 'एवढे घेतो, तेवढे सोडा' असा सौदा चालत नाही. हा सगळा पसारा ३५ प्रकरणांत विभागलेला आहे. मासेमारी, सरकारी खरेदी, अन्नसुरक्षा, न्यायव्यवस्था अशी एकेका विषयाची प्रकरणे आधी उघडायची, त्यांतल्या अटी पुऱ्या करायच्या आणि मग ती 'तात्पुरती बंद' करून घ्यायची, असा क्रम असतो. त्यामुळे वर्षानुवर्षे चालणाऱ्या या बैठकांतला खरा वाद एकच असतो: स्वीकारले म्हणता ते प्रत्यक्षात आले का? आणि ते ठरवायचे कोणी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

टेबलाच्या एका बाजूला उमेदवार देशाचे सरकार बसते. त्याला 'झाले' म्हणायची घाई असते, कारण बंद झालेले प्रत्येक प्रकरण निवडणुकीत दाखवता येते. दुसऱ्या बाजूला युरोपीय आयोगाचे अधिकारी असतात. ते काही भोळे नसतात. पण त्यांच्यापुढचे मसुदे, कृती आराखडे आणि आकडेवारीचे तक्ते बहुतेक त्या सरकारकडूनच आलेले असतात. शिवाय ब्रसेल्सचेही आपले हिशेब असतात. शेजार शांत हवा, निर्वासितांचे लोंढे थांबायला हवेत, रशियाचे पाऊल पुढे पडायला नको. म्हणजे शेरा देणारा आणि शेरा घेणारा, दोघांनाही तो चांगलाच हवा असतो. मंत्र्यांचा दौरा ठरला की रस्त्यावर रातोरात डांबर पडते, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. ते डांबर पहिल्या पावसात टिकले का, हे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यालाच ठाऊक असते. सदस्यत्वाच्या वाटाघाटींत हा रोज जाणारा म्हणजे तिथला नागरी समाज: न्यायालयांवर लक्ष ठेवणाऱ्या वकिलांच्या संस्था, सरकारी खरेदीची कागदपत्रे मागवणारे गट, निवडणूक निरीक्षक, कामगार आणि पर्यावरण संघटना, शोधपत्रकार. त्यांना चहापाण्यापुरते बोलावले तर वाटाघाटी कागदावरच राहतात. त्यांचे म्हणणे मोजमापात धरले तर वाटाघाटींना अर्थ येतो, असे गेल्या तीस वर्षांचा युरोपातला अनुभव सांगतो. त्यांची ताकद बरीचशी उसनी असते, हेही तोच अनुभव सांगतो, आणि ते अनेकदा सांगायचे राहून जाते.

संघ हे ठेच लागून शिकला. लोकशाही, कायद्याचे राज्य आणि अल्पसंख्याकांचे संरक्षण या अटी १९९३ साली कोपनहेगनच्या बैठकीतच ठरल्या होत्या. तरीही २००७ साली रोमानिया आणि बल्गेरिया आत आले तेव्हा तिथल्या न्यायव्यवस्थेचे आणि भ्रष्टाचाराचे प्रश्न इतके उघडे होते, की सदस्यत्व दिल्यावरही त्यांच्यावर देखरेखीची खास यंत्रणा बसवावी लागली. ती अधिकृतपणे गुंडाळायला २०२३ चा सप्टेंबर उजाडला. पुढच्या देशांसाठी न्यायव्यवस्था आणि मूलभूत हक्क यांचे स्वतंत्र, म्हणजे २३ वे प्रकरण आले आणि ते आधी उघडायचे, शेवटी बंद करायचे अशी पद्धत पडली. इथेच नागरी समाजाची गरज सर्वांत जास्त भासते. माशाच्या जाळ्याचे भोक किती मिलिमीटरचे हे निरीक्षकाला मोजता येते. न्यायाधीशाला वरून फोन येतो का, हे कुठल्याच तक्त्यात उमटत नाही.

या संस्था काय करू शकतात याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण स्लोव्हाकियाचे आहे. १९९० च्या दशकात तिथे पंतप्रधान व्लादिमीर मेचिआर यांचे राज्य होते. १९९५ साली खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या मुलाचे अपहरण होऊन तो सीमेपलीकडे ऑस्ट्रियात सापडला आणि संशयाची सुई देशाच्याच गुप्तचर खात्याकडे वळली. पुढच्या वर्षी सरकारने सामाजिक प्रतिष्ठानांवर कडक कायदा आणला. संस्थांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली. कायदा काही थांबला नाही, पण एरवी आपापल्या कामात गुंतलेल्या शेकडो संस्था त्यानिमित्ताने एकमेकींना ओळखू लागल्या. १९९७ च्या जुलैत युरोपीय आयोगाने दहा अर्जदार देशांबद्दल आपले मत दिले. त्यांतला केवळ स्लोव्हाकिया राजकीय निकषांवर नापास झाला. डिसेंबरमध्ये पहिल्या फळीची यादी निघाली. तीत शेजारचे झेक, पोलंड, हंगेरी होते, स्लोव्हाकिया नव्हता. मग संस्थांनी १९९८ च्या निवडणुकीसाठी 'ओके ९८' नावाची मोहीम उभारली. कुठल्याच पक्षासाठी मते मागायची नाहीत, फक्त लोकांनी, विशेषतः तरुणांनी, मतदानाला उतरावे आणि मतदान स्वच्छ व्हावे यासाठी झटायचे, असे तिचे स्वरूप होते. गावोगाव सभा झाल्या, संगीताचे कार्यक्रम झाले, निरीक्षक तयार केले गेले. मतदान ८४ टक्क्यांवर गेले. आधीच्या वेळी ते सुमारे ७५ टक्के होते. गंमत अशी, की मेचिआर यांचा पक्ष तेव्हाही पहिल्या क्रमांकावरच राहिला, पण त्याला बहुमतासाठी साथीदार मिळेना. विरोधकांची आघाडी सत्तेवर आली, २००० च्या फेब्रुवारीत वाटाघाटी सुरू झाल्या आणि दोन वर्षे उशिरा निघूनही स्लोव्हाकिया १ मे २००४ रोजी शेजाऱ्यांबरोबरच संघात दाखल झाला. सगळे श्रेय संस्थांना देणे भाबडेपणाचे होईल. विरोधी पक्ष एकत्र आले नसते तर वाढलेले मतदान वाया गेले असते. तरीही वाटाघाटींच्या एकाही प्रकरणावर न बसलेल्या या लोकांनी वाटाघाटी शक्य केल्या, एवढे निश्चित.

मग त्यांना टेबलावर जागाच दिली तर? मॉन्टेनेग्रोने ते करून पाहिले. जेमतेम सव्वासहा लाख वस्तीच्या या देशाने २०१२ साली वाटाघाटी सुरू केल्या तेव्हा प्रकरणांसाठी नेमलेल्या कार्यगटांत स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी सदस्य म्हणून घेतले. ब्रसेल्समध्ये त्याचे कौतुक झाले. २०२० पर्यंत ३३ प्रकरणे उघडून झाली. ज्यांवर प्रत्यक्ष चर्चा करायची असते ती सगळी हीच. तोवर बंद झाली होती तीन: विज्ञान-संशोधन, शिक्षण-संस्कृती आणि परराष्ट्र संबंध. ज्यांत फारसे काही दुखत नाही, नेमकी ती. त्या काळात अहवाल निघत होते, आराखडे बदलत होते, बैठकांची इतिवृत्ते लिहिली जात होती. आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या माजी अध्यक्षांनाच अटक झाली. न्यायव्यवस्थेच्या प्रकरणाच्या कार्यगटात संस्था बसलेल्या असताना देशाच्या न्यायव्यवस्थेच्या शिखरावर हा संशय यावा, यातून मी एवढाच निष्कर्ष काढतो, की खुर्ची मिळणे आणि ऐकून घेतले जाणे यांत मोठे अंतर आहे. कार्यगट मसुदा करतो, निर्णय मंत्रिमंडळ घेते; आणि तीन दशके एकाच पक्षाची सत्ता असलेल्या देशात मंत्रिमंडळाला खुर्चीतल्या माणसाची भीती कशाला वाटेल? २०२० च्या ऑगस्टमध्ये मतदारांनी तो पक्ष सत्तेवरून उतरवला. गाडी त्यानंतरही लगेच धावली नाही. पुढची तीन प्रकरणे बंद व्हायला २०२४ चा डिसेंबर लागला.

युक्रेनमध्ये चित्र वेगळे दिसते, कारण तिथल्या संस्थांनी खुर्चीची वाट पाहिली नाही. २०२२ च्या जूनमध्ये, युद्ध ऐन भरात असताना, युक्रेनला उमेदवार देशाचा दर्जा मिळाला आणि त्याबरोबर सात कामांची यादी. पहिलेच काम होते घटनात्मक न्यायालयाचे न्यायाधीश निवडण्याची पद्धत सुधारण्याचे. उमेदवारांची सचोटी आणि पात्रता तपासायला तज्ज्ञांचा गट नेमायचा होता. संसदेने डिसेंबरमध्ये कायदा केला. गटात सहा जण: तीन देशातले, तीन आंतरराष्ट्रीय संस्थांनी सुचवलेले. वरवर पाहता समतोल. पण कायद्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांनी बोट ठेवले ते याच आकड्यावर. सहाचे तीन-तीन झाले की गाडी अडते, आणि अडलेली गाडी नेहमी सत्तेतल्यांच्या सोयीची असते. नको असलेला स्वच्छ उमेदवार तिथेच रोखता येतो. युरोप परिषदेच्या व्हेनिस आयोगानेही सातवा सदस्य असावा अशी शिफारस केली. संस्थांनी विषय सोडला नाही. पत्रके काढली, ब्रसेल्सला तपशील पुरवला, राजदूतांच्या मागे लागल्या. अखेर २०२३ च्या उन्हाळ्यात कायदा बदलला आणि समसमान मते पडल्यास परदेशी तज्ज्ञांचे मत निर्णायक ठरेल अशी तरतूद आली. सामान्य वाचकाला हे किरकोळ वाटेल. पण एका आकड्यातली ही पळवाट युरोपीय आयोगाच्या अहवालात 'अट पूर्ण' या दोन शब्दांखाली सहज झाकली गेली असती. ती उघडी पडली, कारण तो कायदा कलमागणिक वाचणारे कुणीतरी कीव्हमध्ये होते.

दोन वर्षांनी हेच मोठ्या प्रमाणावर घडले. २२ जुलै २०२५ रोजी युक्रेनच्या संसदेने भ्रष्टाचारविरोधी तपास संस्था आणि तिचे खास अभियोग कार्यालय महाअभियोक्त्याच्या ताब्यात देणारा कायदा घाईघाईने मंजूर केला आणि राष्ट्राध्यक्षांनी त्याच दिवशी सही केली. त्या संध्याकाळपासून कीव्ह, ल्विव्ह, ओदेसा अशा शहरांत तरुण मंडळी खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर हाताने घोषणा लिहून रस्त्यावर आली. युद्ध सुरू झाल्यापासूनची सरकारविरोधातली ही पहिली मोठी निदर्शने. ब्रसेल्सनेही खुलासा मागितला. ३१ जुलैला संसदेने ३३१ मतांनी त्या संस्थांचे स्वातंत्र्य परत केले. रस्ता आणि ब्रसेल्स एकाच वेळी एकच बोलू लागले की सरकार नऊ दिवसांत वाकते. एकट्या रस्त्याने किंवा एकट्या ब्रसेल्सने ते इतक्या लवकर झाले नसते.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत जोरात मांडला जाणारा: यांना निवडून कोणी दिले? सरकारमागे मते आहेत, या संस्थांमागे परदेशी देणग्या आहेत. आक्षेपाचा पहिला भाग योग्य आहे, पण तो गैरलागू आहे. करारावर सही करण्याचा अधिकार कुणी सरकारकडून काढून घेत नाही. मागणी आहे ती मसुदा पाहण्याची, त्यातली चूक दाखवण्याची, आणि दाखवलेली चूक कुठेतरी नोंदली जाण्याची. त्यासाठी निवडून यावे लागत नाही; नागरिक असणे पुरते. दुसरा भाग, परदेशी पैशाचा, जास्त गंभीर आहे. कोणाकडून किती पैसे आले हे जाहीर करायला लावणे रास्तच म्हटले पाहिजे. पण जॉर्जियाने २०२४ च्या मे महिन्यात जो कायदा केला तो हिशेबापुरता नव्हता. ज्या संस्थेचे वा माध्यमाचे २० टक्क्यांहून जास्त उत्पन्न बाहेरून येते तिने 'परकी सत्तेचे हित साधणारी' म्हणून नोंद करायची, नाही तर तिथल्या चलनात २५ हजार लारींचा दंड. आदल्या वर्षी असेच विधेयक लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावे लागले होते. या खेपेला राष्ट्राध्यक्षा सालोमे झुराबिशविली यांचा नकाराधिकारही संसदेने मोडून काढला. युरोपीय संघाने जॉर्जियाला घातलेल्या बारा अटींत निर्णयप्रक्रियेत नागरी समाजाला सामावून घेण्याची अट होती, हे इथे लक्षात ठेवायला हवे. आणि पुढे, वर्षअखेर, त्याच सरकारने युरोपीय संघाकडून यापुढे अर्थसंकल्पीय अनुदान घेणार नाही असे बाणेदारपणे जाहीर केले. म्हणजे तोवर घेत होते. परदेशी पैसा सरकारी तिजोरीत आला की सहकार्य आणि संस्थेच्या खात्यात आला की हेरगिरी, असा हा न्याय.

'या संस्था ब्रसेल्सच्या तालावर नाचतात' हा त्याच आक्षेपाचा दुसरा अवतार. त्याला सर्बियातले उत्तर पुरेसे आहे. पश्चिम सर्बियातल्या यादर खोऱ्यात लिथियमचा मोठा साठा आहे आणि रिओ टिंटो कंपनीला तिथे खाण काढायची होती. पाणी आणि शेती जाईल म्हणून लोकांनी रस्ते अडवले आणि २०२२ च्या जानेवारीत सरकारने परवाने रद्द केले. २०२४ च्या जुलैत घटनात्मक न्यायालयाने परवाने रद्द करणेच बेकायदा ठरवले, सरकारने काही दिवसांतच प्रकल्प पुन्हा जिवंत केला आणि १९ जुलैला बेलग्रेडमध्ये युरोपीय संघाशी कच्च्या मालाबाबत भागीदारीचा करार झाला. जर्मनीचे चॅन्सेलर त्यासाठी जातीने हजर होते. युरोपच्या विजेवर चालणाऱ्या मोटारींना लिथियम हवे आहे. पुढच्याच महिन्यात बेलग्रेडमध्ये हजारोंचा मोर्चा निघाला. टेबलावरच्या दोन्ही पक्षांचे हित जुळले की खोऱ्यातल्या शेतकऱ्याच्या विहिरीबद्दल बोलायला टेबलावर कुणीच उरत नाही. तिथे बोलल्या त्या पर्यावरण संघटना, आणि त्या ब्रसेल्सच्या विरोधात बोलल्या. ज्या युरोपीय अधिकाऱ्यांना जॉर्जियातल्या निदर्शकांबद्दल जिव्हाळा वाटतो, त्यांना यादरच्या निदर्शकांबद्दल तो तितकासा वाटत नाही, हेही इथेच नोंदवलेले बरे.

आणखी एक आक्षेप मुत्सद्द्यांचा. सगळे उघड केले तर वाटाघाटी व्हायच्या कशा, हातचे पत्ते दाखवून कुणी खेळते का? जकात किती कमी करायची यावर दोन देश बसले असतील तर यात तथ्य आहे. सदस्यत्वाच्या वाटाघाटींत मात्र पत्ते आधीच उताणे असतात. संघाचे नियम जाहीर असतात आणि लपवण्यासारखी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे सरकारने न केलेले काम. आणि जकातीच्या वाटाघाटींतही गुप्ततेची किंमत कोण मोजतो हे आपण भारतात जवळून पाहिले आहे. २००१ साली मुंबईच्या सिप्लाने एड्सवरची तीन औषधांची मात्रा वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा बड्या कंपन्यांची किंमत दहा हजार डॉलरच्या वर होती. २००७ साली भारत आणि युरोपीय संघ यांच्यात मुक्त व्यापार कराराची बोलणी सुरू झाली आणि फुटलेल्या मसुद्यांतून कळले, की युरोपला औषधांच्या चाचण्यांच्या माहितीवर काही वर्षांची मक्तेदारी हवी आहे. ती दिली असती तर पेटंट नसलेले स्वस्त औषधही बाजारात यायला वर्षे लागली असती. रुग्णांच्या संघटनांनी हा मुद्दा उचलला, २०११ च्या मार्चमध्ये एचआयव्हीग्रस्त हजारोंच्या संख्येने दिल्लीच्या रस्त्यावर आले आणि भारत सरकारने ही अट मान्य नसल्याचे स्पष्ट केले. रुग्णांना हे कळायला मसुदा फुटावा लागला, ही या गोष्टीतली खटकणारी बाजू.

तरी या संस्थांची बाजू घेताना त्यांच्या उणिवा झाकण्यात अर्थ नाही. त्या बहुतेक राजधानीत असतात, इंग्रजीत अहवाल लिहितात आणि डोंगरातल्या शेतकऱ्यापेक्षा राजदूतांच्या जास्त परिचयाच्या असतात. देणगी देणारा ठरवतो त्या विषयावर काम होते. २०२५ च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली तेव्हा पूर्व युरोपातल्या कित्येक संस्थांना पुढच्या महिन्याचे पगार कुठून द्यायचे असा प्रश्न पडला. देशातल्या वर्गणीदारांवर उभी असलेली संस्था इतक्या लवकर हलत नाही. यादरच्या आंदोलनाला बळ मिळाले ते लोक त्यात होते म्हणून, आणि कीव्हच्या तज्ज्ञांचे म्हणणे २०२५ साली टिकले तेही पुठ्ठे घेऊन उतरलेल्या पोरांमुळे.

दुसरी मर्यादा अधिक कठोर आहे. संस्थांचा शब्द सरकार ऐकते ते सदस्यत्वाच्या आशेने. ती आशा पुरी झाली की धाक संपतो. हंगेरीने २००४ साली प्रवेश मिळवला आणि २०१७ साली परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांवर शिक्का मारणारा कायदा केला. युरोपीय न्यायालयाने तो बेकायदा ठरवायला २०२० चा जून लागला आणि २०२३ साली 'सार्वभौमत्व रक्षणा'च्या नावाने नवे कार्यालय उभारणारा कायदा झाला. आणि सरकारला सदस्यत्वच नकोसे झाले तर? तेही आता दिसले आहे. जॉर्जियात युरोपच्या बाजूने असलेल्यांचे प्रमाण पाहणीमागून पाहणीत ८० टक्क्यांच्या आसपास येते. तरीही २८ नोव्हेंबर २०२४ रोजी पंतप्रधान इराकली कोबाखिद्झे यांनी सदस्यत्वाच्या वाटाघाटींचा विषय २०२८ अखेरपर्यंत अजेंड्यावर घेणार नसल्याचे सांगितले. त्या रात्रीपासून तिबिलिसीच्या रुस्तावेली रस्त्यावर लोक उतरले आणि महिनोन्‌महिने येत राहिले. निर्णय बदलला नाही. संस्थांवरचे निर्बंध पुढच्या वर्षी आणखी आवळले गेले. युरोपीय संघात पूर्ण सामील होण्यासाठी राज्यातल्या प्रत्येक घटनात्मक संस्थेने आपापल्या अधिकारात सर्व उपाय केले पाहिजेत, असे जॉर्जियाच्या राज्यघटनेचे ७८ वे कलम सांगते. हा निर्णय जाहीर झाला त्या दिवशीही ते लागूच होते.